एक्स-रे मुलीच्या दाताचा, धास्ती पोटातल्या बाळाची

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील काढून): वाचक 31 वर्षांच्या आहेत, नाशिकमध्ये इंदिरानगर भागात राहतात. त्यांची आठ वर्षांची मुलगी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकलवरून पडली आणि तिचा वरचा पुढचा दात हलायला लागला. दातांच्या दवाखान्यात दोन छोटे एक्स-रे काढले. मुलगी रडत होती म्हणून आई खुर्चीला खेटून, तिचा हात धरून उभी राहिली. डॉक्टर आणि त्यांची असिस्टंट मात्र दाराबाहेर गेले. आठ दिवसांनी पाळी चुकल्याचं लक्षात आलं आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली. तेव्हापासून सासूबाई रोज बोलून दाखवतात. हॉस्पिटलात कामाला असलेल्या एका ओळखीच्या बाईंनी तर ‘रिस्क नको, आत्ताच मोकळी हो’ असं सांगितलं. नवरा म्हणतो, तू ठरव. ‘अंगातले किरण बाळाला लागू नयेत’ म्हणून त्या मुलीला आता वेगळं झोपवतात. त्यातच दवाखान्यातून फोन आलाय: दात तपासायला पुन्हा या, एक्स-रे काढावा लागेल. त्या विचारतात, ‘ताई, हे इतकं निरुपद्रवी असेल तर डॉक्टर बाहेर का पळाले? आणि माझ्या हातून पाप झालंय का?’

---

तुमच्या चार पानी पत्रात बाळाचा प्रश्न शेवटच्या पानावर आहे, तोही कंसात. मी तिथूनच सुरू करते, कारण बाकीचं सगळं थांबू शकतं, ते नाही. त्या दोन एक्स-रेंमुळे गर्भपात करण्याचं काहीही कारण नाही. ओळखीच्या बाई हॉस्पिटलात कामाला असोत नाहीतर आणखी कुठे, त्यांनी दिलेला सल्ला चुकीचा आहे. मूल हवं की नको, आत्ता हवं की पुढे, याला तुमच्या घरातली आणि मनातली दुसरी शंभर कारणं असू शकतात. ती तुमची, त्यात मी पडणार नाही. पण ‘एक्स-रे झाला’ हे कारण त्या यादीतून खोडून टाका.

‘काही होत नाही, काळजी करू नका’ हे तुम्हाला दोघांनी सांगून झालंय आणि तरी झोप लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. साहजिक आहे. कारण कळल्याशिवाय भीती जात नाही. मी डॉक्टर नाही; एक्स-रे टेक्निशियन होऊ घातलेल्या मुलामुलींना किरणांचं भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे त्या खोलीत, बीप वाजत असताना नेमकं काय घडलं, तेवढं मात्र सांगू शकते. थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

खुर्चीशेजारच्या त्या लांब हाताच्या मशीनमध्ये एक काचेची नळी असते. तिच्यात साधारण 60 ते 70 हजार व्होल्टच्या दाबाने इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या तुकड्यावर आपटतात. त्यातल्या ऊर्जेची जवळजवळ सगळी उष्णता होते, एक टक्क्याच्या आसपासच एक्स-रे बनतात. बाहेर पडण्याआधी ते ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यातून जातात. अगदी अशक्त किरण दातापर्यंत पोचतच नाहीत, नुसते गालाच्या कातडीत जिरतात. त्यांना तो पत्रा अडवतो. मग नळकांड्यातून सहा-सात सेंटिमीटर रुंदीचा एक झोत चेहऱ्यावर येतो. सेकंदाच्या काही दशांश भागापुरता. बटण सोडलं की संपलं.

आता त्या झोतातले शंभर कण तुमच्या मुलीच्या चेहऱ्यात शिरले असं धरा (आम्ही त्यांना फोटॉन म्हणतो). दातांच्या एक्स-रेला पाठ्यपुस्तकात जो हिशेब देतात तो साधारण असा: नऊ फोटॉन कुणालाही न शिवता आरपार जातात. सात जण अणूला भेटून नुसती दिशा बदलतात, ऊर्जा तेवढीच राहते. त्यांचं फारसं काही लागत नाही. सत्तावीस फोटॉन अणूत पूर्ण जिरतात. उरलेले सत्तावन्न अणूतल्या बाहेरच्या एखाद्या इलेक्ट्रॉनला धडकून, थोडी ऊर्जा त्याला देऊन भलत्याच दिशेला निघून जातात.

हे जे सत्तावीस जिरले, त्यांच्यामुळे फोटो दिसतो. जिरण्याचं प्रमाण अणुक्रमांकाच्या घनाने वाढतं. गाल, जीभ, हिरड्या यांत मुख्यतः हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन: अणुक्रमांक 1, 6 आणि 8. दाताच्या वरच्या कवचात, म्हणजे इनॅमलमध्ये, वजनाने 96 टक्के खनिज. त्यात फॉस्फरस 15 आणि कॅल्शियम 20. वीस म्हणजे आठाच्या अडीच पट, पण अडीचचा घन करा: पंधराच्या वर जातो. म्हणून वजनाला वजन धरलं तर कॅल्शियम हे किरण ऑक्सिजनपेक्षा कितीतरी पटीने गिळतं. दाताच्या मागे जिथे किरण पोचलेच नाहीत ती जागा फोटोत पांढरी, आणि गालातून सरळ पोचले ती काळी. दात किडला की खनिज जातं, किरण पलीकडे निसटतात आणि तिथे काळा डाग दिसतो. चांदीच्या जुन्या फिलिंगमध्ये चांदी 47 आणि पारा 80, त्यामुळे ती फोटोत चुन्यासारखी पांढरीफटक. शिशाचा एप्रन किरण अडवतो तोही याच हिशेबाने, शिसं 82.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण ‘एक्स-रे चांगला की वाईट’ या वादात ती नेहमी सुटते. जे जिरणं फोटो काढतं, तेच जिरणं शरीरात ऊर्जा सोडतं. ज्याला डोस म्हणतात तो मुख्यतः हाच. शून्य डोसमध्ये दाताचा एक्स-रे निघू शकत नाही, कारण काहीच जिरलं नाही तर फोटो कोरा येईल. म्हणून ‘एक्स-रेमुळे काही होतं का’ हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. ‘हा फोटो बघून डॉक्टर काय ठरवणार आहेत’ हे त्याला जोडलं की तो पुरा होतो. मुलीबद्दल बोलताना याच प्रश्नावर परत येऊ.

आता ते सत्तावन्न. कॅरमवर स्ट्रायकर सोंगटीला घासून जातो, सोंगटी उडते आणि स्ट्रायकर वाकडी वाट धरतो, तसं यांचं होतं. (फरक एवढाच की फोटॉनचा वेग कमी होत नाही, फक्त ऊर्जा घटते.) याला कॉम्प्टन विकिरण म्हणतात. दात की गाल, याचं त्यांना फारसं काही नसतं, त्यामुळे त्यांच्यापासून फोटोला काही मिळत नाही, उलट फोटो धुरकट होतो. यातले बरेच पुन्हा डोक्यातच जिरतात आणि काही डोक्याबाहेर पडून खोलीत चहूकडे पसरतात.

तुमच्यापर्यंत जे पोचलं ते एवढंच. मूळ झोत तुमच्या दिशेने नव्हता. वरच्या पुढच्या दाताचा फोटो घेताना नळकांडं नाकाच्या वरून खाली तिरकं धरतात, आणि तुम्ही खुर्चीच्या बाजूला होता. तुम्हाला मिळालं ते मुलीच्या चेहऱ्यावरून उधळलेलं उरलंसुरलं, तेही अर्धा मीटर अंतरावर, आणि त्यातलं गर्भाशयापर्यंत पोचण्याआधी पोटाच्या भिंतीत आणखी कमी झालेलं.

आकड्यांत सांगते. जिरलेली ऊर्जा ग्रे या एककात मोजतात. ग्रेचा हजारावा भाग मिलिग्रे, मिलिग्रेचा हजारावा भाग मायक्रोग्रे. तुमच्यासारख्या परिस्थितीत दोन्ही फोटो मिळून बाळाला फार तर एखादा मायक्रोग्रे धरावा, आणि हे मी हात सैल सोडून धरतेय. आता दुसरी बाजू बघा. किरणांपासूनच्या संरक्षणाचे नियम जगभर ज्यांच्या शिफारशींवरून ठरतात, त्या आयसीआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाने 2000 साली गर्भारपणातल्या एक्स-रेंवर एक अहवाल काढला. त्यात स्वच्छ म्हटलंय की गर्भाला 100 मिलिग्रेपेक्षा कमी डोस मिळाला असेल तर किरणांच्या कारणावरून गर्भपात करणं योग्य ठरत नाही. 100 मिलिग्रे म्हणजे एक लाख मायक्रोग्रे. एक लाखाच्या समोर एक.

तरी मन म्हणेल, एक तर एक, पण नसता मिळाला तर बरं. तेव्हा हेही बघा. जमिनीतून, आकाशातून, खाण्यापिण्यातून आपल्या सगळ्यांना कायमच किरण मिळत असतात. जगाची सरासरी माणशी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट. (सिव्हर्ट म्हणजे शरीरावरच्या परिणामाच्या हिशेबाने मोजलेला ग्रे, इथे दोन्ही सारखेच समजा.) तुमच्या घरापासून जवळच्या पांडवलेण्यांचा काळा कातळ त्या मानाने सौम्य, बेसॉल्टमध्ये युरेनियम-थोरियम कमी असतं. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतच थोरियम आहे. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आपल्यापेक्षा कितीतरी जास्त किरणांत राहतात, आणि त्यांच्या दीर्घकाळ केलेल्या पाहणीत त्यामुळे कॅन्सर वाढल्याचं आढळलं नाही. आपल्या स्वतःच्या शरीरातल्या पोटॅशियममधूनही किरण निघत असतात, बाळाच्याही. नऊ महिन्यांत हे सगळं मिळून बाळाला अर्धा ते एक मिलिग्रे होतं. त्या दवाखान्यात जे मिळालं ते फार तर अर्ध्या दिवसाचं. ओझरहून विमानाने दिल्लीला जाऊन आला असता तर बाळाला त्याहून जास्त मिळालं असतं, आणि सासूबाई एक शब्द बोलल्या नसत्या.

एक गोष्ट मात्र आजच करा. मुलीला परत जवळ घेऊन झोपा. एक्स-रे अंगात राहत नाहीत. बीप थांबला तेव्हाच ते संपले. मुलीच्या फ्रॉकवर, केसांत, दातात, खोलीच्या भिंतीत काही उरलेलं नाही. किरणोत्सारी पदार्थ पोटात घेऊन किंवा टोचून करायच्या काही तपासण्या असतात, त्यांत पेशंटला थोडा वेळ लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब राहायला सांगतात. ऐकलेलं तिथलं असतं आणि चिकटतं इथे. आईने अचानक वेगळं का झोपवलं, हे त्या आठ वर्षांच्या जिवाला कोणी सांगितलंय का? दात पडता पडता राहिला, आई दूर गेली, आणि घरात सगळे ‘त्या दिवशी’बद्दल कुजबुजतायत. ती हे सगळं स्वतःच्याच माथी घेत असेल.

मग डॉक्टर बाहेर का गेले? तुमच्या पत्रातलं हे मला सगळ्यात रास्त वाटलं. धोका नसेल तर बाहेर कशाला जायचं, असं कुणालाही वाटेल. पण डॉक्टर तुमच्या मुलीच्या त्या दोन फोटोंपायी बाहेर जात नाहीत. ते दिवसाला कितीतरी फोटो काढतात, वर्षाचे तीनशे दिवस, तीसेक वर्षं. प्रत्येक वेळी ते खुर्चीला खेटून उभे राहिले तर ते मायक्रो-मायक्रो साठत मोजण्याइतकं होतं. शिवाय त्यांना त्यातून मिळत काहीच नाही. फोटो मुलीचा, फायदा मुलीचा. त्यामुळे दोन मीटर लांब जायचं, किंवा भिंतीआड. अंतर चौपट केलं की किरण सोळावा हिस्सा उरतात, म्हणून ती दोन पावलं फार कामाची. दातांच्या डॉक्टरांच्या जमातीने हा धडा फार महाग शिकलाय. 1896 च्या जानेवारीत, रॉन्टगेनने एक्स-रेचा शोध लावल्यावर काही आठवड्यांतच, जर्मनीत ओटो वाल्कहॉफने स्वतःच्या दातांचा पहिला फोटो काढवून घेतला, त्यासाठी तो 25 मिनिटं किरणांत पडून होता. अमेरिकेतला एडमंड केल्स रुग्णांच्या तोंडात फिल्म वर्षानुवर्षं स्वतःच्या बोटांनी धरत राहिला आणि त्याचा हात कॅन्सरने गेला. आजचे डॉक्टर दाराबाहेर जातात ती त्यांनी घालून दिलेली शिस्त.

पण दवाखान्याची चूक झालीच नाही असं मी म्हणणार नाही. खोलीत थांबणाऱ्या बाईला ‘दिवस गेलेत का, किंवा शक्यता आहे का’ हे विचारायलाच हवं होतं. तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, तुम्ही ‘नाही’च म्हणाला असता, हे खरं, तरी विचारायला हवं होतं. एप्रन द्यायला हवा होता आणि खुर्चीपासून थोडं लांब उभं राहायला सांगायला हवं होतं. पुढच्या वेळी हे त्यांना शांतपणे बोलून दाखवा. भांडण काढून काही मिळणार नाही, कारण नुकसान झालेलं नाही. पण तुमच्यामागून येणाऱ्या बाईला तरी विचारलं जाईल.

आणि ‘पाप’. घाबरलेल्या लेकीचा हात धरून तुम्ही उभ्या राहिलात. यात पाप कुठलं ते मला तरी सापडलं नाही.

एक कटू गोष्टही आत्ताच सांगून ठेवते, कारण ती नंतर कुणी सांगितली तर जास्त लागेल. एकही एक्स-रे न काढलेल्या बायकांच्याही दर शंभर बाळांमध्ये दोन-तीन बाळांना जन्मतः काही ना काही व्यंग असतं. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भ आपोआप पडण्याचं प्रमाण तर त्याहून बरंच मोठं आहे. देव करो आणि सगळं छान होवो. पण काही कमीजास्त झालंच तर घरातलं बोट त्या दिवसाकडे वळेल, तुमचं स्वतःचंही. तेव्हा एक लाखासमोरचा तो एक आठवा.

सासूबाईंना यातलं काहीही तुम्ही समजावून सांगू नका. सुनेच्या तोंडून अणुक्रमांक कोण ऐकून घेणार! ग्रहण असलं की त्या तुम्हाला सुरीला हात लावू देत नसतील. ही भीती त्याच कपाटातली आहे, आणि तिच्यात जीव आहे तुमच्याबद्दलचा. पहिल्या सोनोग्राफीला त्यांना सोबत घेऊन जा. गायनॅक डॉक्टरांना आधी फोन करून सगळं सांगून ठेवा, आणि सासूबाई समोर बसलेल्या असताना त्यांच्याच तोंडून उत्तर येऊ द्या. सोनोग्राफीत एक्स-रे नसतो, ध्वनिलहरी असतात, हेही तिथेच विचारून घ्या, नाहीतर तो एक नवा विषय होईल. फॉलिक ॲसिड सुरू केलं नसेल तर त्यासाठी पहिल्या सोनोग्राफीची वाट बघू नका, डॉक्टरांना आजच फोनवर विचारा. बाळाच्या दृष्टीने ती गोळी या अख्ख्या प्रकरणापेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे.

नवऱ्याचं ‘तू ठरव’ मला फारसं आवडलं नाही. वरवर मोकळीक, आतून अंग काढून घेणं. त्यांच्यासाठी एक काम आहे, ते पुढे सांगते.

आता मुलगी. तिचा पुन्हा एक्स-रे टाळावा, असं तुम्हाला वाटतंय. त्यामागे असं धरलंय की एक्स-रे नाही काढला तर धोका नाही. इथे मी तुम्हाला अडवणार. आठव्या वर्षी वरचे पुढचे दात हिरडीबाहेर आलेले दिसतात, पण त्यांचं मूळ अजून पुरतं तयार नसतं. टोक उघडं असतं, भिंती पातळ. ते बंद व्हायला दहाव्या वर्षाच्या आसपास उजाडतं. दाताच्या आतली नस जिवंत राहिली तरच मूळ पुरं वाढतं. मार बसलेल्या दाताची नस कधी सावरते, कधी हळूहळू मरते. गार लावून बघायची चाचणी असते, पण मार लागल्यावर कित्येक आठवडे नस जिवंत असूनही उत्तर देत नाही, आणि आठ वर्षांचं मूल घाबरून सगळ्यालाच ‘दुखतं’ म्हणतं. बाहेरून दात चांगला दिसत असताना आत मूळ विरघळत चाललेलं असू शकतं, आणि लहान वयात ते काही आठवड्यांतही बरंच पुढे जातं.

मग पहिल्या दिवशीच्या दोन फोटोंत हे दिसलं नाही का? दिसूच शकत नाही. हाडातलं किंवा दातातलं साधारण 30 ते 40 टक्के खनिज जाईपर्यंत साध्या फोटोत फरक नजरेला येत नाही. पहिल्या दिवशी घडामोड सुरूच झालेली नव्हती. म्हणून मार लागलेल्या दाताला काही आठवड्यांनी, मग काही महिन्यांनी, मग वर्षाने असं पुन्हा पाहतात. पहिला फोटो आणि पुढचा फोटो शेजारी ठेवून बघायचं: मुळाचं टोक मिटत आलंय का, भिंती शेजारच्या दाताइतक्याच जाड होतायत का, मुळाभोवतीची ती बारीक काळी रेघ सलग आहे की कुठे फुगलीये. सगळं ठीक असेल तर काहीच करायचं नाही, आणि तो ‘काहीच करायचं नाही’ हा निर्णय फोटोनेच मिळतो. ठीक नसेल तर लगेच उपचार. मघाचा तो प्रश्न आठवा: हा फोटो बघून काय ठरणार? इथे उत्तर स्वच्छ आहे, मुलीचा कायमचा पुढचा दात राहणार की जाणार.

डोस? डिजिटल सेन्सरवर काढलेल्या एका छोट्या फोटोला पाचेक मायक्रोसिव्हर्ट, नीट काढला तर त्याहूनही कमी. निसर्गाकडून तिला एका दिवसात जेवढे किरण मिळतात, तेवढेच. शून्य धोका आहे असं मी म्हणणार नाही. लहान मुलांच्या पेशी भराभर वाढत असतात आणि पुढे सगळं आयुष्य असतं, म्हणून मुलांच्या बाबतीत जास्त जपायचं, हे खरंच आहे. जपायचं म्हणजे विनाकारण फोटो काढायचा नाही आणि कारण असेल तेव्हा एकदाच, पण नीट काढायचा. फार कमी किरणांत काढलेला भुरकट फोटो परत काढावा लागतो, मग डोस दुप्पट.

दवाखान्यात जाऊन काय विचारायचं? पहिलं, फोटो डिजिटल आहे ना. बहुतेक ठिकाणी आता आरव्हीजी असतं, वायर लावलेला अंगठ्याएवढा सेन्सर. दुसरं, नळकांड्याच्या तोंडाला आयताकृती चौकट लावता येते का. गोल झोत सेन्सरपेक्षा बराच मोठा असतो, उरलेला सगळा गालावर फुकट जातो; चौकट लावली की डोस निम्म्याच्या आसपास किंवा त्याखाली येतो आणि विकिरण घटल्यामुळे फोटोही स्वच्छ येतो. आपल्याकडे ही चौकट फार कमी ठिकाणी दिसते, पण पेशंट विचारायला लागले की येईल. तिसरं, सेन्सर धरायला होल्डर आहे ना. डॉक्टरांनी किंवा असिस्टंटने बोटाने सेन्सर धरून उभं राहणं हे अजिबात चालत नाही. होल्डरने पुढच्या वेळी कोनही तोच मिळतो, तुलना खरी होते.

एप्रनबद्दल थोडं. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2024 मध्ये म्हटलं की झोत नीट आखलेला आणि यंत्र आधुनिक असेल तर दातांच्या एक्स-रेला शिशाचा एप्रन आणि गळ्याचा पट्टा यांची गरज उरलेली नाही. कारण शरीराच्या आतून जे पसरतं ते एप्रन अडवत नाही आणि कधी कधी पट्टाच फोटोत येतो. आपल्याकडे एप्रन देतात, तर घ्या. वरच्या पुढच्या दाताच्या फोटोत झोत खाली गळ्याकडे झुकतो आणि मुलांची थायरॉइड नाजूक असते, त्यामुळे फोटोत आडवा येत नसेल तर पट्ट्यालाही माझी ना नाही. मात्र झोत आखलेला नाही, होल्डर नाही आणि वर एप्रन घातला म्हणजे झालं, हा समज सोडा.

आता नवऱ्याचं काम. पुढच्या फोटोला मुलीसोबत ते जातील. तुम्ही बाहेर बसा. हे धोक्यापोटी सांगत नाहीये; आत गेलात तर पुढचे आठ महिने तुम्ही तेच उगाळत बसाल, म्हणून. मूल शांत बसत नसेल तर सोबत आई किंवा बापाने थांबायचं, एप्रन घालून, झोताच्या वाटेत न येता, हे रीतसर आहे.

असंच पत्र आणखी काही जणींकडूनही येतं, म्हणून त्यांच्यासाठी चार ओळी. गरोदर असताना तुमचा स्वतःचाच दात ठणकायला लागला तर ‘बाळंतपणानंतर बघू’ म्हणून पेनकिलरवर महिने काढू नका. गरज असेल तर गर्भारपणातही दाताचा छोटा एक्स-रे काढतात, आणि साचलेला पू, ताप, मनाने घेतलेल्या गोळ्या हे बाळाला त्या फोटोपेक्षा कितीतरी जास्त महाग पडतं. काही गोळ्या शेवटच्या महिन्यांत चालतच नाहीत. अंगावर पाजणाऱ्यांनी एक्स-रेनंतर दूध काढून टाकायची गरज नाही.

सगळ्या एक्स-रेंना एका मापाने मोजू नका. जबड्याभोवती मशीन फिरवून काढतात तो ओपीजी, त्याचा डोस छोट्या फोटोच्या काही पट, तरी फार तर तीन-चार दिवसांच्या निसर्गाइतका. सीबीसीटी म्हणजे तीन बाजूंनी दिसणारं स्कॅन. ते मशीन आणि भाग यानुसार दहा-वीस मायक्रोसिव्हर्टपासून पार हजारापर्यंत जातं. इम्प्लांट, हाडात अडकलेली अक्कलदाढ, अवघड रूट कॅनाल यांना ते लागतं. पण गंगापूर रोडला एका ठिकाणी ओपीजी झाला आणि कॉलेज रोडला दुसरं मत घ्यायला गेलात की तिथे पुन्हा तोच ओपीजी, हे होऊ देऊ नका. आणि नुसतं दात साफ करायला आलेल्या तरण्याताठ्या माणसाला दर सहा महिन्यांनी ओपीजी सांगत असतील, तर ‘यातून काय ठरवायचंय, डॉक्टर?’ असं विचारायला लाजू नका. चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो. दातांच्या एक्स-रे मशीनची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी लागते. तो कागद दवाखान्यात असायला हवा. तोही विचारता येतो.

मुलीची तयारी घरीच करून घ्या. जाड पुठ्ठ्याचा अंगठ्याएवढा तुकडा कापा, कडा गोल करा, स्वच्छ प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि तोंडात धरून नाकाने श्वास घेत पाच आकडे मोजायचा खेळ दोन-तीन दिवस खेळा. जीभ मागे गेली की उमासा येतो, नाकाने श्वास घेतला की फारसा येत नाही, हे तिला दवाखान्याबाहेरच कळू दे. मुलं हलतात म्हणूनच फोटो परत काढावे लागतात.

आणि फोटो झाल्यावर दोन्ही वेळच्या मूळ फाइली मेलवर मागून घ्या. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आलेली प्रत दाबली जाते, आणि त्या बारीक काळ्या रेघेतला फरक नेमका त्यातच हरवतो.